शॅल, मे आणि आपले ‘पाहिजे’

इंग्रजीच्या पेपरात आपल्यापैकी बरेच जण अडतात ते मोठ्या शब्दांवर नव्हे. ‘डेप्रिसिएशन’, ‘लिक्विडेशन’ यांसारखे शब्द आपण पहिल्याच वर्षी पचवून टाकतो. अडतो ते कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल, वुड या चिमुकल्या शब्दांवर. व्याकरणात यांना मोडल ऑक्झिलिअरी म्हणतात. क्रिया कोणती ते हे शब्द सांगत नाहीत. ती सक्तीची की ऐच्छिक, शक्य कोटीतली की नुसत्या तर्काची, एवढेच सांगतात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि पी.यू.सी.पासून वाणिज्य शाखेचे विषय इंग्रजीतून शिकतो आहे. हा घोळ का होतो याचा विचार करता मला असे दिसते की, दोष इंग्रजीच्या नियमांत फारसा नाही. मराठीत दोनतीन फार सोयीची रूपे आहेत, त्यांचे आपण डोळे झाकून भाषांतर करतो.

नियम थोडेच आहेत. कर्ता कोणीही असो, या शब्दांचे रूप बदलत नाही; त्यांच्यापुढे मूळ क्रियापद येते; आणि ‘ऑट’ वगळता मध्ये ‘टु’ लागत नाही. मराठीत मात्र तो शकतो, ती शकते, ते शकतात असे शेपूट हलत राहते. म्हणून आपल्या तोंडी ‘ही कॅन गोज’ येते. शिवाय ‘शकणे’ दोनदा सांगितल्याशिवाय समाधान होत नाही, म्हणून ‘कॅन एबल टु’ होते.

येथे आपल्याला घरबसल्या मदत करणारी एक भाषा आहे, तिच्याकडे आपण पाहत नाही. कन्नडमध्ये ‘नानु होगबेकु’ म्हणजे मी गेले पाहिजे. ‘अवळु होगबेकु’ म्हणजे तिने गेले पाहिजे. ‘अवरु होगबेकु’ म्हणजे त्यांनी गेले पाहिजे. कर्ता बदलला, ‘बेकु’ तसेच राहिले. आणि कर्ताही ‘मी’चा ‘मला’ झाला नाही. इंग्रजीचा ‘मस्ट’ नेमका असाच वागतो. भूतकाळ करताना ‘बेकु’ एकटे पुरत नाही, ‘होगबेकागित्तु’ असे जोडकाम करावे लागते. तिकडे ‘मस्ट’लाही भूतकाळ नाही, ‘हॅड टु’ म्हणावे लागते. कन्नडला नाक मुरडणाऱ्या माझ्या मित्रांनी एवढ्यासाठी तरी ती भाषा कान देऊन ऐकावी.

नकारातही तेच. ‘फी भरायला नको’ असे आपण म्हणतो तेव्हा भरण्याची गरज नाही असा अर्थ असतो, आणि कधी कधी भरणे बरोबर नाही असाही. मराठी ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो. इंग्रजीत मात्र दोन वाटा स्पष्ट वेगळ्या आहेत : ‘नीड नॉट पे’ म्हणजे भरण्याची गरज नाही, ‘मस्ट नॉट पे’ म्हणजे भरण्यास मनाई आहे. कन्नडमध्ये ‘होगबेकागिल्ल’ आणि ‘होगबारदु’ ही जोडी जवळजवळ हेच काम करते. मराठीतही ‘गरज नाही’ आणि ‘भरू नये’ आहेतच. भाषांतरापूर्वी ‘नको’ बाजूला सारून या दोहोंपैकी एक निवडले की प्रश्न मिटतो.

तर्काची गोष्ट थोडी गमतीची आहे. ‘साहेब आत असतील,’ असे शिपाई सांगतो तेव्हा तो भविष्य सांगत नसतो, अंदाज करत असतो. आपण त्याचे ‘ही विल बी इन’ करतो, आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला शिपायाची चांगलीच खात्री आहे असे वाटते. अंदाज कच्चा असेल तर ‘मे बी’, आणि बाहेर साहेबांची चप्पल पाहून केलेला पक्का असेल तर ‘मस्ट बी’. तसेच ‘शकलो’चे. ‘काल रात्री अखेर मी तेरीज जुळवू शकलो’ याचे ‘आय कुड टॅली’ करू नये. ‘कुड’ म्हणजे तेवढी कुवत होती, इतकेच. एका प्रसंगी काम खरोखर तडीस गेले हे सांगायला ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ हवे. नकारात मात्र ‘कुड नॉट’ खुशाल वापरावे.

आता आमच्या वाणिज्य पत्रव्यवहाराच्या विषयाकडे वळतो. मराठी व्यापारी पत्रात ‘माल त्वरित पाठवावा’ हे वाक्य पूर्ण सभ्य आहे. हा ‘-वे’, म्हणजे आपला विध्यर्थ, मोठा कामसू आहे : कर्तव्य, इच्छा, योग्यता, विनंती, शक्यता, सारे एकटाच ओढतो. विद्यार्थी त्याचे भाषांतर करतो ‘यू शुड सेंड द गुड्स’. वाचणाऱ्या व्यापाऱ्याला वाटते, हा कोण मला शहाणपण शिकवणारा? ‘यू मस्ट सेंड’ केले तर ती धमकी होते, आणि ‘यू विल सेंड’ केले तर पलटणीतला हुकूम. इंग्रजीत विनंती वेगळ्या दाराने येते : ‘वुड यू प्लीज’, ‘कुड यू काइंडली’, किंवा ‘वी शुड बी ग्लॅड इफ यू वुड’. या शेवटच्या वाक्यातल्या ‘शुड’मध्ये कर्तव्याचा मागमूस नाही, ती निव्वळ अदब आहे. रेन आणि मार्टिनच्या पुस्तकातला ‘आय शॅल, यू विल’ हा भेद ज्या जुन्या वळणाचा, त्याच वळणाचे हे वाक्य आहे. आज बोलण्यात सगळीकडे ‘विल’च चालते आणि तो भेद घोकण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

पण ‘शॅल’ मेला असे समजू नये. तो बोलण्यातून उठला आणि कायद्यात ठाण मांडून बसला. तेथे तो भविष्यकाळ नाही, बंधन आहे. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १२८ प्रमाणे प्रत्येक कंपनीने हिशेबाची पुस्तके नोंदणीकृत कार्यालयात ठेवणे हे ‘शॅल’ आहे. संचालक मंडळाने ठराव करून ती भारतात दुसरीकडे ठेवणे हे ‘मे’ आहे. न वटलेल्या धनादेशाबद्दलचे कलम १३८ पाहा. मूळ कायदा १८८१ चा, हे कलम १९८८ च्या दुरुस्तीने त्यात आले. कलमाच्या अटी पुऱ्या झाल्या की गुन्हा घडला असे मानले जाणे आणि शिक्षा होणे येथे ‘शॅल’ आहे. तुरुंगवास किती, तेथे ‘मे’ येतो : दोन वर्षांपर्यंत असू शकेल. दंडही धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत असू शकेल. परीक्षेत ‘दोन वर्षांची शिक्षा होते’ असे लिहिणारा विद्यार्थी कायदा चुकत नाही, ‘मे’ चुकतो. एखाद्याच्या हितासाठी अधिकाऱ्याला अधिकार दिला असेल तर न्यायालये कधी कधी ‘मे’चाही अर्थ ‘शॅल’ असा लावतात, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

हे सारे व्यापाराचे झाले. आपल्या भागातल्या मुलांच्या शाळेशी संबंध असलेले एक वाक्य राज्यघटनेत आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींबद्दल तो आहे. त्यात ‘शॅल’ आहे हे ऐकून आपण खूश होतो. पण हा ‘शॅल’ कशाला लागला आहे ते पाहावे. राज्याने सोयी पुरवणे याला तो लागलेला नाही. ‘इट शॅल बी द एन्डेव्हर’ अशी रचना आहे. बंधन आहे ते प्रयत्नाचे. पुढे राष्ट्रपतींनी राज्याला निर्देश देण्याची तरतूद आहे, तेथे ‘मे’ आहे.

एवढ्याशा शब्दाने काय फरक पडतो, असे म्हणणाऱ्याने शेजारचे उदाहरण पाहावे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाबद्दल मूळ अनुच्छेद ४५ मध्येही ‘शॅल एन्डेव्हर टु प्रोव्हाइड’ असेच होते, दहा वर्षांच्या मुदतीसह. १९५० पासून ते तसेच राहिले. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क घातला, आणि त्यात ‘एन्डेव्हर’ गळून सरळ ‘शॅल प्रोव्हाइड’ आले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचे शिक्षण या दुरुस्तीने मूलभूत हक्कांत गेले. अर्थात कोणत्या रीतीने ते ‘मे’च्या हवाली केले आहे : राज्य कायद्याने ठरवील त्या रीतीने.

मातृभाषेच्या शाळेच्या वाक्यातला ‘एन्डेव्हर’ मात्र तेथेच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या मुलाला तो जितका लागू, तितकाच अक्कलकोट किंवा जत भागातल्या कन्नड शाळेतल्या मुलाला. म्हणून हे वाक्य आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत वाचले जावे असे मला वाटते. त्याच दुरुस्तीने आलेला पुढचा अनुच्छेद ३५०-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमण्याचा आहे. तेथे कोणताही ‘एन्डेव्हर’ नाही. अधिकारी असणे, त्याने चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देणे आणि ते अहवाल संसदेपुढे ठेवले जाणे, सगळीकडे ‘शॅल’ आहे. अहवाल बंधनाचा आहे. शाळा प्रयत्नाची आहे.