अंगावरून पांढरे जाणे : दुखणे एक की अनेक?

आमच्याकडे या दुखण्याला एकच नाव, 'अंगावर जाणे'. आणि तेही दार लोटून घेऊन उच्चारायचे. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून आई-मावशी मलाच विचारतात. त्यांच्यासाठी वाचले ते येथे मांडते.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा गुप्तरोग होता. पूर्वी तपासणी-उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के!

योनीतील लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल तयार करून इतर जंतूंना थोपवतात. थोडा पांढरट स्राव निरोगीच. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव व खाज असेल तर बहुधा कँडिडा ही बुरशी. पातळ, करडा, मासळीच्या वासाचा असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. ट्रायकोमोनास हा परजीवी शरीरसंबंधातून येतो. तेथे नवऱ्यानेही औषध घ्यायलाच हवे. (त्याला हे सांगणार कोण, ते पुस्तकात नाही.) बुरशीची गोळी इतर दोहोंवर चालत नाही. शेजारणीची उरलेली गोळी घेतली की दुखणे फिरून येते, ते पुष्कळदा यामुळेच. म्हणून आधी स्रावाचा नमुना तपासावा.

वर्षात तीन वा अधिक वेळा बुरशी झाली, तर डॉक्टर रक्तातील साखरही पाहतात आणि सहा महिने दर आठवड्याला गोळी देतात. गरोदरपणी मात्र ती गोळी नको. साबणाने आतून धुतल्यास उपयोगी जंतूच जातात. मावशीला हे शेवटचे पटलेले नाही. साखर तपासायला मात्र ती तयार झाली आहे.