पहिली तीन वर्षं आणि शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ

शाळा साडेदहाला भरते, पाचला सुटते. शनिवारी सकाळची शाळा. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. मुलीला डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, घालावं का, याची चर्चा मराठी घरात निघते तेव्हा हेच वेळापत्रक पुढे केलं जातं आणि 'नोकरी सांभाळून घर होतं' यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यात तथ्यही आहे. पण नव्या शिक्षकाच्या पहिल्या तीन वर्षांना हे लागू पडत नाही, आणि नेमक्या त्याच वर्षांबद्दल घरात कुणी बोलत नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जायचं तर आधी दोन वर्षांचं डी.एल.एड., मग 150 गुणांची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, त्यानंतर 200 गुणांची अभियोग्यता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात, आणि शेवटी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जिल्ह्यांचा प्राधान्यक्रम. एवढं पार केल्यावर नेमणूक होते ती शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं मानधन. 2023 मध्ये ते वाढलं: प्राथमिकला दरमहा 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 रुपये. त्याआधी हेच आकडे 6,000, 8,000 आणि 9,000 होते. वाढ मोठी आहे, तरी परजिल्ह्यात खोली, गॅस, गाडीचं पेट्रोल आणि महिन्यातून एकदा गावाकडे फेरी एवढ्यात हे पैसे उडतात. संध्याकाळी शिकवण्या घेऊन भर घालावी म्हटलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं 28वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी करतं. घरच्यांनी या तीन वर्षांत मुलाच्या पगारावर कर्जाचे हप्ते मांडू नयेत.

आता प्रत्यक्ष दिवस. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे शाळा चौथीपर्यंतच असली तरी वर्ग चार आणि माणसं दोन. परिपाठ होतो, हजेरी होते. हजर मुलं 48 भरली, तर दर मुलामागे 100 ग्रॅमप्रमाणे 4 किलो 800 ग्रॅम तांदूळ मोजून काढायचा, त्याची नोंद करायची. तोवर पहिलीतलं एखादं पोर आईसाठी रडायला लागलेलं असतं आणि दुसरीतल्याची पेन्सिल हरवलेली असते. त्यात सहकारी केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेला, की चारही वर्ग एकटीकडे. कॉलेजात पाठ घेताना समोर एक वर्ग आणि मागे निरीक्षक असतो. इथे एका फळ्याचे दोन भाग करून एका बाजूला बेरीज आणि दुसऱ्या बाजूला बाराखडी चालवावी लागते. पाच वाजता मुलं जातात तेव्हा घसा बसलेला असतो.

आणि उद्याच्या पाठांचं टाचण लिहायचं राहिलेलं असतं.

पालकांनी एक तरतूद समजून घेतली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास काम सांगितलं आहे, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. साडेदहा ते पाच अशी पाच दिवसांची शाळा आणि शनिवारची सकाळ मिळून साधारण 36 तास होतात. उरलेले नऊ तास म्हणजे रोजचा दीड तास, जो शाळेच्या इमारतीबाहेर जातो आणि म्हणून घरात कुणाला दिसत नाही. मुलगी सातला वही घेऊन बसली, तर तो तिचा कामाचाच वेळ आहे. अनुभवी शिक्षकाला तेवढा वेळ पुरतो. नव्याला तो अडीच-तीन तासांवर जातो, कारण त्याला प्रत्येक पाठ पहिल्यांदाच मांडायचा असतो.

यात मोबाइलची भर. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पालकांचा ग्रुप; रात्री नऊला निरोप येतो, 'माहिती तातडीने भरावी'. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण एवढी अशैक्षणिक कामं कायद्याच्या 27व्या कलमानेच शिक्षकावर आहेत, ती टळत नाहीत. पण बाकीच्या प्रत्येक निरोपाला रात्री उत्तर देण्याची सवय नव्यांनी लावून घेऊ नये. शाळेसाठी वेगळा नंबर ठेवावा. ठरावीक वेळेनंतर तो फोन कपाटात गेला, तर कुणाचंही शिक्षण बुडत नाही.

मित्रमंडळींचा प्रश्न आणखी नाजूक आहे. सोबतची पोरं पुण्यात कंपनीत असतात, त्यांचा बेत शुक्रवारी रात्री निघतो. शिक्षिकेला शनिवारी सकाळी परिपाठ असतो. दोन-तीनदा नाही म्हटलं, की बोलावणं थांबतं. उलट गावात बोलावण्यांना तोटा नसतो: हळद, बारसं, सप्ताहाची पंगत. तिथे मात्र ती सदैव 'मॅडम' असते. बावीस-तेवीसच्या वयात मनमोकळं हसायला एक जागा लागते आणि ती गावात सापडेलच असं नाही. एकटेपणाची तक्रार घरी केली, की 'सरकारी नोकरी आहे, अजून काय हवं' हे उत्तर मिळतं. या उत्तराने बोलणं बंद होतं, एकटेपणा तसाच राहतो.

नव्यांचा हा भार हलका करता येतो. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाची उमेदवारी दोन वर्षांची केली आहे. त्यात पहिल्या वर्षी तासिका 10 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 5 टक्के कमी देतात, शिवाय जोडीला मार्गदर्शक शिक्षक असतो. आपल्याकडे शिक्षण सेवकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग मिळतो. ही सवलत इथेही मिळायला हवी. ती मिळेपर्यंत मार्गदर्शक आपला आपण शोधावा लागतो. केंद्राच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतले दहा-पंधरा वर्षं मुरलेले गुरुजी भेटतात. त्यांचं जुनं टाचण मागायला लाजू नये. बऱ्याच शिक्षकांची आयुष्यभराची मैत्री याच परिषदेतल्या चहावर जमलेली असते.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते परितेवाडीच्या शाळेत 2009 मध्ये रुजू झाले होते, ही तारीख मात्र फारशी कुणी सांगत नाही. मधली अकरा वर्षं आहेत. पहिल्याच सत्रात शाळा बोलकी, बाग फुललेली, सगळी मुलं वाचणारी, असं स्वतःकडून मागणारे तरुण शिक्षक दुसऱ्या वर्षी थकतात. पहिल्या वर्षी वर्ग शांतपणे चालवता आला आणि प्रत्येक मुलाचं नाव, घर, भाषा कळली, तर ते पुष्कळ झालं.

संध्याकाळचा एक तरी तास शाळेचा नसावा. कुणी व्हॉलीबॉलला जावं, कुणी भजनी मंडळात पखवाजाला बसावं, कुणी नुसतं फिरून यावं. शनिवारी दुपारनंतर वही उघडू नये. तो अर्धा दिवस मित्रांचा. आणि ज्यांना मुलांचा गोंगाटच सोसत नाही, फक्त सुट्ट्या आणि स्थैर्य हवं आहे, त्यांनी दुसरी वाट धरलेली बरी.

पालकांना एवढीच विनंती: पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम लॉक होण्याआधी मुलांसोबत बसा, निवडलेला जिल्हा नकाशावर पाहा, घरापासून किती तासांवर आहे ते मोजा. मुलगी रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा स्वतः जाऊन तिची खोली, शाळा आणि शेजार बघून या. आणि रोजच्या फोनवर 'सुट्टी कधी' याच्या आधी 'आज कुणाबरोबर जेवलीस' हे विचारा.