माइकच्या मागून ऐकलेली भाषणं

आमचं साउंडचं काम नशिराबादचं. जळगाव-भुसावळ हमरस्त्यावरचं गाव, त्यामुळे दोन्हीकडची बोलावणी येतात. लग्नं, भागवत सप्ताह, प्रचारसभा हे तर चालूच असतं, पण अलीकडे उद्योजक मेळावे, डीलर मीट, मोठ्या हॉटेलातल्या कॉन्फरन्स यांची कामंही बरीच मिळतात. बाकीच्यांना कंटाळा आला की ते चहाला बाहेर सटकतात. मिक्सरवर बसलेल्याला ती सोय नाही. उद्योगपतींची एवढी भाषणं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत जिल्ह्यात दुसऱ्या कोणी ऐकली असतील असं वाटत नाही. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

१. माइकवर टिचकी मारणारा वक्ता बेताचाच निघतो.

हॉल रिकामा असताना येऊन शेवटच्या रांगेत उभा राहणारा आणि "इथपर्यंत ऐकू येतं का?" असं विचारणारा माणूस भाषणातही ऐकणाऱ्याचा विचार करतो. याला अपवाद मी फार पाहिले नाहीत. उलट कॉलर माइक लावू देताना ज्याची चिडचिड होते, तो पुढे आयोजकांवर आणि स्लाइड बदलणाऱ्या पोरावरही चिडतो. माइक शिट्टी मारायला लागला की दोष आमचा असतो हे मान्य, पण स्पीकरच्या तोंडासमोर जाऊन उभं राहू नका एवढं तरी ऐकावं.

२. 'बिलियन' म्हटलं की हॉल निसटतो.

पुण्या-मुंबईचे पाहुणे स्क्रीनवर बाजारपेठेचे आकडे दाखवतात. दहा बिलियन डॉलर, वीस बिलियन डॉलर. समोर रावेर-यावलचे केळीवाले, डाळमिलवाले, एमआयडीसीतले चटईवाले बसलेले असतात. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, त्याला पुन्हा डॉलरच्या भावानं गुणायचं, हा हिशेब होईपर्यंत पुढच्या दोन स्लाइड निघून जातात. मग पहिला मोबाइल खिशातून बाहेर येतो. तोच पाहुणा "एका घडामागे वाहतुकीला किती पडतात?" असं विचारतो तेव्हा झोपेला आलेला माणूससुद्धा ताठ बसतो.

३. सुरुवातीच्या भांडवलाला टाळ्या पडतात, पण खरी गोष्ट त्याच्या पुढे असते.

जळगावात उद्योगावर भाषण आणि त्यात भवरलाल जैन नाहीत, असं होतच नाही. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा मुलगा, सरकारी नोकरी नाकारली, घरातले ७००० रुपये घेऊन १९६३ साली रॉकेल विकायला लागला. इथे टाळ्या. या ७००० रुपयांइतकेच इन्फोसिसच्या १९८१ मधल्या १०,००० रुपयांचेही वक्ते भक्त आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तेवढे पैसे त्या काळीही पुष्कळांकडे होते.

मला मोठ्या भाऊंची, म्हणजे भवरलालजींची, १९७८ ची गोष्ट जास्त मोठी वाटते. केळीची पावडर करणारा एक बंद पडलेला कारखाना त्यांनी ३० लाखांना घेतला आणि त्यात पपेन काढायला सुरुवात केली. कच्च्या पपईला झाडावरच बारीक चिरा देतात, त्यातून पाझरणारा चीक गोळा करून वाळवतात, शुद्ध करतात. तो औषधांना लागतो, मांस मऊ करायला लागतो, आणि त्याचं गिऱ्हाईक परदेशात होतं. म्हणजे ज्या शेतकऱ्याला ते रॉकेल, खत, बियाणं विकत होते, त्याच्याचकडून आता माल विकत घ्यायला लागले. पुढे १९८० नंतर त्याच शेतकऱ्याला पीव्हीसी पाइप दिले, त्या दशकाच्या अखेरीस ठिबक आणलं, आणि आणखी पुढे त्याच्याशी करार करून पांढरा कांदा घेतला, वाळवून बाहेर पाठवला. विकणारा आणि घेणारा एकच असला की शेतकऱ्याच्या खिशात पाइप घ्यायला पैसे कुठून येतात, हेही त्याला ठाऊक असतं.

नव्वदच्या दशकात त्यांची कंपनी वित्त, माहिती-तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा अनोळखी धंद्यांत शिरली आणि पोळली. भाऊ २०१६ मध्ये गेले. नंतर २०१९ च्या सुमारास कर्जाची फेड अडली, आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून बोजा हलका करावा लागला. हे सगळं पेपरात आलेलं आहे. तरी व्यासपीठावर गोष्ट रॉकेलपासून निघते ती थेट पद्मश्रीला जाऊन थांबते. मधली वीस वर्षं कोणी सांगत नाही, आणि समोर बसलेला नेमका त्या मधल्या वर्षांत असतो.

४. न विकलेल्या मालाबद्दल बोलणारा वक्ता सोन्यासारखा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर दोन वर्षं पडून होता, कारण लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट एका वक्त्यानं सांगितली आणि लगेच स्वतःच्या गोदामात सडलेल्या मालाचा आकडा सांगितला. मी त्या वेळी आवाज थोडा वाढवला, कारण तो खाली मान घालून बोलत होता.

५. सत्काराला वेळ असतो, प्रश्नांना नसतो.

दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रत्येक प्रायोजकाचा फोटो, आणि मग सूत्रसंचालकाची "वेळेअभावी दोनच प्रश्न" ही घोषणा. खरी परिषद मग जेवणाच्या रांगेत भरते. भरीत-पुरी घेता घेता मशीन कुठून घेतलं, बँकेनं काय तारण मागितलं, हे सगळं तिथे कळतं. तिथे माइक नसतो हे बरंच आहे.

६. कॉर्डलेस शेवटच्या रांगेत पोचला की कार्यक्रम सुरू होतो.

मागे एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब 'नवोन्मेष' या विषयावर तासभर बोलले. मागून एक फॅब्रिकेशनवाला उठला. "भाऊ, ते समदं बरं आहे. तुमची कंपनी बिल किती दिवसांत देते?" हॉल हसला. साहेबही हसले, आणि म्हणाले की अकाउंट्सला विचारावं लागेल. माणूस खाली बसला नाही. कायदा त्याला पाठ होता. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नवा नियम आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला वजा मिळत नाही. म्हणून मार्च जवळ आला की कंपन्यांना आपली आठवण येते, असं तो म्हणाला तेव्हा त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता मी त्याला गाठून विचारलं, आमच्यासारख्यांना हे लागू आहे का? तो म्हणाला, नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याला नाही, पण तुम्ही सेवा देता, तुम्हाला आहे, फक्त सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी हवी. ती मी करून घेतली आणि बिलबुकावर नंबर छापला. मंडळांना आणि लग्नघरांना त्याचं काही वाटत नाही. कंपन्यांचे अकाउंटंट मात्र बिल हातात घेतलं की आधी तो नंबर बघतात.