सांडपाणी हीदेखील नगराची संपत्ती : सचिनचा धडा

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून वाहत गुजरातमध्ये प्रवेश करते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्रास मिळते. सुमारे ७२४ किलोमीटर लांबीच्या या नदीच्या खोऱ्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात आहे. नदी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने माणसेही गेली. खानदेशातील हजारो कुटुंबे भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने यंत्रमाग व कापड-प्रक्रियेच्या कामासाठी सुरत परिसरात जाऊन स्थायिक झाली. म्हणूनच सुरतेच्या दक्षिणेस वसलेल्या सचिनचा पाण्याचा प्रश्न आपणांस परका नाही.

एक नदी, अनेक गरजा

सचिन हे पूर्वी एका लहान संस्थानाचे गाव होते. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत असून २०२० मध्ये हे गाव सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. कापड रंगविणे, छापणे व धुणे या प्रत्येक कामास भरपूर पाणी लागते. सुरत परिसराचा मुख्य आधार तापी हाच आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात पावसाचे पाणी साठते. १९९५ मध्ये सिंगणपोर येथे बांधलेल्या बंधाऱ्यामुळे शहराजवळ गोडे पाणी अडून राहते आणि भरतीचे खारे पाणी त्यात मिसळत नाही. तथापि साठा कितीही मोठा असला तरी तो मर्यादितच असतो. शेती, घरे व कारखाने यांचा भार एकाच नदीवर पडू द्यावयाचा नसेल, तर कारखान्यांसाठी दुसरा स्रोत शोधणे क्रमप्राप्त ठरते.

वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर

हा स्रोत शहराच्या सांडपाण्यातच सापडला. २०१४ मध्ये सुरत महानगरपालिकेने बमरोली येथे दररोज ४ कोटी लिटर सांडपाणी उच्च प्रतीपर्यंत शुद्ध करणारे केंद्र सुरू केले व ते पाणी पांडेसरा येथील कापड-प्रक्रिया कारखान्यांस विकत देण्यास प्रारंभ केला. पुढे सचिनच्या औद्योगिक वसाहतीलाही असे पाणी मिळू लागले. कारखान्याने घेतलेल्या अशा प्रत्येक लिटरामागे नदीतील एक लिटर पाणी पिण्यासाठी शिल्लक राहते. महाराष्ट्रातही नागपूरच्या भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविले जाते.

शुद्धीकरणाचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात जाळ्यांनी कचरा अडवून गाळ खाली बसू दिला जातो. दुसऱ्या टप्प्यात पाण्यात हवा खेळवितात. त्यामुळे वाढणारे सूक्ष्म जीवाणू पाण्यातील घाण खाऊन टाकतात. तिसऱ्या टप्प्यात बारीक गाळण्यांतून पाणी गाळून उरलेले कण, क्षार व जंतू दूर केले जातात. यांतील दुसरा टप्पा सजीवांवर अवलंबून आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गटारात तीव्र आम्ल किंवा विषारी रसायन ओतल्यास हे जीवाणू मरतात आणि कोट्यवधी रुपयांचे केंद्रही निरुपयोगी ठरते.

सहा कामगारांचे प्राण

या निष्काळजीपणाची किंमत माणसांनाही मोजावी लागते. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक द्रव बेकायदेशीरपणे नाल्यात सोडला जात असता विषारी वायू पसरला. जवळच काम करणाऱ्या सहा कामगारांना प्राण गमवावे लागले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. निरनिराळी रसायने नाल्यात एकत्र आली म्हणजे काय घडू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. सल्फाइडयुक्त सांडपाण्यात आम्ल मिसळल्यास हायड्रोजन सल्फाइड हा घातक वायू निर्माण होतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये ओढा, विहीर, गटार किंवा जमीन यांत जाणूनबुजून विषारी द्रव्य सोडण्यास मनाई आहे. परंतु रात्री आडवाटेच्या नाल्याजवळ उभा राहिलेला टँकर प्रथम दिसतो तो तेथील रहिवाशांना. त्यांनी वेळीच पोलिसांना किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळास कळविले नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

आपण काय करावे?

१. आपल्या वस्तीतील सांडपाणी कोठे जाते, ते प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे.

२. वापरलेले तेल, रंग, कीटकनाशके व जुनी औषधे मोरीत ओतू नयेत.

३. पावसाचे पाणी व सांडपाणी वेगवेगळ्या मार्गांनी जाईल, याकडे नगरपालिका व ग्रामपंचायतींनी लक्ष पुरवावे. पावसाचे स्वच्छ पाणी गटारात गेल्यास शुद्धीकरण केंद्रावरील भार विनाकारण वाढतो.

४. नाल्यास अचानक उग्र वास आल्यास किंवा पाण्याचा रंग बदलल्यास जवळ न जाता, मुलांना दूर ठेवून, तत्काळ सूचना द्यावी.

शिक्षकांसाठी

विद्यार्थ्यांकडून शाळेपासून नाल्यापर्यंत आणि नाल्यापासून नदीपर्यंत पाण्याच्या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. शाळेत गळका नळ असल्यास त्याखाली दहा मिनिटे भांडे ठेवून जमलेले पाणी मोजावे व त्यास १४४ ने गुणावे. एका दिवसात किती पाणी वाया जाते, याचे उत्तर मुलांना स्वतःच्या हातांनी मिळेल. हाच हिशेब त्यांनी घरच्या नळाचाही करून आणावा.

धरण, बंधारा व शुद्धीकरण केंद्र शासन उभारू शकते. त्या केंद्रापर्यंत पोहोचणारे पाणी विषमुक्त ठेवणे मात्र नाल्याकाठी राहणाऱ्या व काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे. मोरीत काही ओतण्यापूर्वी ते पुढे कोणाच्या वाट्यास येणार आहे, एवढा विचार करण्याची सवय घरोघरी लागली, तर सचिनचा धडा आपण शिकलो असे म्हणता येईल.