शब्द आणि आदर

‘प्रज्ञाचक्षु’ म्हणजे प्रज्ञा हेच ज्याचे नेत्र. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बालपणीच गेली; भाविक त्यांच्या नावाआधी हेच विशेषण लावतात. परंतु महाभारतात धृतराष्ट्रासही प्रज्ञाचक्षु म्हटले आहे. शब्द उदात्त असला की मान आपोआप मिळतो, असे नव्हे. आपल्या सिकंदराबादेत १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावात पूर्वी ‘मानसिक विकलांग’ असे होते. आता ‘बौद्धिक दिव्यांगजन’ असे आहे. या ‘दिव्य’ शब्दावर अनेक अपंग कार्यकर्त्यांनीच आक्षेप घेतला, की देवत्व नको, हक्क व सोयी द्या. तो आम्हांस रास्त वाटतो.

मराठीत अनादर बहुधा क्रियापदात दडलेला असतो. ‘वकीलसाहेब आले’ म्हणणारे आपण त्याच मंदिरात ‘तो आंधळाही आला’ असे सहज म्हणून जातो. वडीलधाऱ्या गृहस्थांचे आदरार्थी अनेकवचन केवळ दृष्टी नाही म्हणून का जावे? (कारभार ‘आंधळा’ आणि सबब ‘लंगडी’ म्हणतो, तेव्हा दोष मात्र डोळस व धडधाकट माणसांचाच असतो!) त्यांना नावाने ओळखावे, दृष्टीचा उल्लेख आवश्यकच असेल तेव्हा ‘अंध’ हा साधा शब्द पुरे. आणि प्रसाद देताना ‘यांना देऊ का?’ असे सोबत्यास न विचारता ‘आपण घेणार ना?’ असे त्यांनाच विचारावे.