अधिवृक्क ग्रंथि : रचना व कार्य

धारेस नवा माणूस बसला, किंवा दूध काढतांना कुत्रें अंगावर धांवून आलें, म्हणजे गाय पान्हा चोरते, हा अनुभव प्रत्येक गोठ्यांतला आहे. पुष्कळ लोक यास गाईची खोड समजून तिला काठीनें मारितात, व पान्हा अधिकच आटतो. याचें एक मोठें कारण मूत्रपिंडांजवळील दोन लहान ग्रंथींत आहे. त्यांस अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. त्यांची माहिती वाचकांस सोप्या शब्दांनीं द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्याच्या शरीरांत या ग्रंथि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणें बसलेल्या असतात. प्रत्येकीचें वजन अवघें ४ ते ५ ग्रॅम. उजवी त्रिकोणी व डावी चंद्रकोरीसारखी असते. गाईंत डावी ग्रंथि मूत्रपिंडापासून किंचित् दूर असते, कारण चाऱ्याचें मोठें पोट डाव्या मूत्रपिंडास बाजूस सारितें.

ग्रंथि चिरून पाहिली असतां फळाप्रमाणें तिचे साल व गर असे दोन भाग दिसतात. सालीचे तीन थर आहेत. बाहेरच्या थरांतून ॲल्डोस्टेरोन नांवाचें द्रव्य रक्तांत जातें; तें मूत्रावाटें मीठ वायां जाऊं देत नाहीं. मधल्या जाड थरांतून कॉर्टिसॉल निघतें. तें उपवास, आजार व कष्ट यांत रक्तांतील साखर सांभाळितें. आंतल्या थरांत पुरुषत्वपोषक द्रव्यें थोड्या प्रमाणांत होतात. इंग्लंडांतील डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं दाखविलें कीं, या ग्रंथि रोगानें नासल्या म्हणजे रोगी क्षीण होतो, त्वचा काळवंडते व उपचार नसल्यास मृत्यु येतो.

गरांतून मुख्यतः ॲड्रिनॅलिन निघतें. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनीं तें जनावरांच्या ग्रंथींतून शुद्ध स्वरूपांत काढून १९०१ सालीं प्रसिद्ध केलें. भय वाटतांच मज्जातंतूंच्या इशाऱ्यानें हें द्रव्य क्षणांत रक्तांत उतरतें. काळीज जलद चालतें, यकृतांतील साखर बाहेर पडते आणि रक्त स्नायूंकडे वळतें. प्राणी लढावयास किंवा पळावयास सिद्ध होतो. पण कासेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि पान्हा सोडविणारें ऑक्सिटोसिन तेथें नीट काम करूं शकत नाहीं. म्हणून धारेपूर्वीं गाईस चुचकारावें. मारणें म्हणजे आपलेंच दूध घटविणें होय.

कॉर्टिसॉलचा कारभार मात्र कचेरीसारखा चालतो. मेंदूच्या तळाची पीयूष ग्रंथि हुकूम पाठविते, तेव्हां साल माल तयार करिते; रक्तांत माल पुरेसा झाला कीं हुकूम थांबतो. सांधेदुखीवर पुष्कळ दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यास, बाहेरून आलेला माल पाहून हुकूम बंद होतो व साल सुकते. अशा वेळीं गोळ्या एकाएकीं सोडल्या, तर शरीरास स्वतःचें द्रव्य मिळत नाहीं आणि प्रसंगीं जिवावर बेततें. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळूच कमी कराव्या लागतात.

गाभण गाईविषयींही हीच सावधगिरी हवी. दिवस भरले म्हणजे पोटांतील वासराच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल वाढतें, व त्यानेंच विण्यास आरंभ होतो. त्यामुळें अखेरच्या महिन्यांत कोणीं स्टेरॉइडचें इंजेक्शन टोंचल्यास गाय अवेळीं विण्याचा संभव असतो. यास्तव पशुवैद्यास गाय किती महिन्यांची गाभण आहे हें आधीं सांगावें, व कोणतें औषध दिलें तें विचारून लिहून ठेवावें, अशी शेतकरी बंधूंस आमची विनंति आहे.