आठ महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचा संसार

रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात माथेरान नावाचे लहानसे गाव आहे. ते डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसले आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी ही जागा पाहिली. उन्हाळ्यातही येथे हवा थंड. म्हणून साहेबलोकांनी येथे बंगले बांधले. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. मग मुंबईची मंडळी येऊ लागली.

या गावात शेतीवाडी फारशी नाही. पाहुणा हेच येथले पीक! पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे कोणी घोड्यावर बसतो, कोणी हमालाच्या डोक्यावर सामान देऊन पायी चालतो. कोणी खोल्या भाड्याने देतो, कोणी चिक्की विकतो, तर कोणी चपला. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे या दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

मग जून येतो. धो धो पाऊस पडतो. नेरळहून वर येणारी गाडी बंद होते. पुष्कळ हॉटेलांना कुलूप लागते. हौशी लोक शनिवार-रविवारी येतात, नाही असे नाही. पण तेवढ्यावर सगळ्या गावाचे कसे भागावे?

कमाई थांबते, पण पोट थांबते का? घोड्याला रोज दाणा-चारा लागतोच. मुलांची शाळा याच महिन्यात उघडते. वह्या, पुस्तके, छत्री घ्यावी लागते. शिवाय बहुतेक माल खालून वर चढवावा लागतो. त्यामुळे तो महागच पडतो. हातात शिल्लक नसली की उधारी होते. दिवाळीची कमाई मग ती उधारी फेडण्यातच जाते.

आता आपण थोडा हिशेब करू. समजा, एका घोडेवाल्याला घोड्याचा खर्च जाऊन महिन्याला १२,००० रुपये उरतात. आठ महिन्यांचे झाले ९६,०००. आता ९६,००० ला बारांनी भागा. उत्तर आले ८,०००. म्हणजे त्याची खरी मिळकत महिन्याला ८,००० रुपये, १२,००० नव्हे! दरमहा ४,००० बाजूला टाकले, तर आठ महिन्यांत ३२,००० जमतील. पावसाळ्याचे चार महिने घरात चूल पेटेल आणि सावकाराची पायरी चढावी लागणार नाही.

कधी हंगामच बुडतो. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली. त्या उन्हाळ्यात पाहुणे आलेच नाहीत. अशा वेळी गाठीची शिल्लकच उपयोगी पडते.

मंडळी, ही गोष्ट एकट्या माथेरानची आहे का? भात वर्षातून एकदाच घरी येते. ऊसतोडीचे काम काही महिनेच चालते. आंब्याचा पैसाही उन्हाळ्यातच दिसतो. आपण सारेच हंगामाचे धनी! म्हणून आम्ही सांगतो, एक वही करा. डाव्या बाजूला जमा लिहा, उजव्या बाजूला खर्च. घरधनिणीलाही हिशेब दाखवा. बाजूला काढलेली रक्कम बँकेत, पोस्टात किंवा बचत गटात ठेवा. घरात ठेवलेला पैसा सणासुदीला पाय फुटून निघून जातो!

अक्षर-आकडे शिकलो, ते याच कामासाठी.

प्रश्न :
१. माथेरानच्या लोकांची कमाई पावसाळ्यात का थांबते?
२. तुमच्या घरी पैसा कोणत्या महिन्यांत येतो? ते महिने लिहा.
३. वर्षाच्या मिळकतीला बारांनी भागा. काय उत्तर आले?